प्रमुख रस्त्यांची जबाबदारी : राज्यशासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांतील विभागणी
(महाड व पोलादपूर तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रस्ता ही सार्वजनिक मालमत्तेची सर्वांत परिचित बाब आहे. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याशी प्रत्येक नागरिकाचा रोज संबंध येतोच असे नाही. रस्त्याशी मात्र येतो. असे असूनही आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो कोणाचा, हे सामान्य नागरिकाला सहसा सांगता येत नाही. रस्ता खचला, मोरी वाहून गेली किंवा दरड कोसळली की अर्ज कोणाकडे करावयाचा येथपासूनच प्रश्न सुरू होतो. ग्रामपंचायत पंचायत समितीकडे बोट दाखविते, पंचायत समिती जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, तो विभाग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि तेथून उत्तर येते की हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. या टोलवाटोलवीला केवळ कर्मचाऱ्यांची अनास्था कारणीभूत असते असे मानणे अपुरे ठरेल. तिचे मूळ जबाबदारीच्या विभागणीच्या रचनेत आहे.

प्रस्तुत लेखात ही रचना स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला असून त्यासाठी रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके उदाहरणादाखल घेतले आहेत. सह्याद्रीचा पायथा, सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांची खोरी, मुंबई–गोवा महामार्ग, देशावर चढणारे घाट, औद्योगिक वसाहत आणि डोंगरकुशीतील वाड्या हे सर्व येथे अल्प अंतरात एकत्र आले आहे. त्यामुळे केंद्र, राज्य, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत या पाचही स्तरांच्या जबाबदाऱ्या येथे एकमेकींना छेदतात. ही विभागणी कशी होते, ती कोठे अपुरी पडते आणि कोणत्या तत्त्वांवर ती सुधारता येईल, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रस्त्यांचा विषय दोन सूचींत विभागला आहे. संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झालेले मार्ग केंद्र सूचीतील २३ व्या नोंदीत येतात; उर्वरित रस्ते, पूल व दळणवळणाची अन्य साधने राज्य सूचीतील १३ व्या नोंदीत येतात. स्थानिक शासन हा विषयही राज्य सूचीतच (नोंद ५) आहे. म्हणजे स्थानिक संस्थेकडे कोणता रस्ता द्यावयाचा हे मूलतः राज्य ठरविते. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल व तरी हा विषय पंचायतींसाठी नमूद झाला, तर ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल हा विषय नगरपालिकांसाठी नमूद झाला. तथापि या अनुसूची स्वतःहून अधिकार देत नाहीत. राज्य विधिमंडळ कायद्याने ते देऊ शकते, एवढेच त्या सांगतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘घटनेने रस्ते पंचायतींना दिले’ असे विधान अनेकदा केले जाते. ते काटेकोर नाही.

महाराष्ट्रात तीन कायदे या संदर्भात महत्त्वाचे आहेत. १९५५ च्या महामार्ग अधिनियमाने राज्यशासनाला एखादा रस्ता महामार्ग म्हणून घोषित करण्याचा व त्याचा वर्ग ठरविण्याचा अधिकार दिला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावठाणातील रस्ते, गटारे व मोऱ्या यांची कामे ग्रामपंचायतींच्या कर्तव्यांत घातली. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील रस्त्यांचा मोठा हिस्सा त्यांच्या बांधकाम समितीच्या कक्षेत आला. केंद्रीय पातळीवर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम ४ नुसार राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या स्वामित्वात असतात आणि कलम ५ नुसार त्यांच्या विकासाची व देखभालीची जबाबदारीही केंद्राची असते. मात्र हीच जबाबदारी अधिसूचनेद्वारे राज्यशासनावर सोपविण्याची मुभा त्याच कलमात आहे. मालकी एकाची व प्रत्यक्ष काम दुसऱ्याचे, ही स्थिती येथेच उगम पावते.

रस्त्यांच्या वर्गवारीचा पाया १९४३ च्या नागपूर योजनेने घातला. विविध प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांच्या नागपूर येथील परिषदेत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आजचे राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते अशी पायरी निश्चित झाली. आज महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरांतर्गत रस्ते नगरपरिषदेकडे आणि गावांतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जबाबदारीच्या वाटणीचा हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातील नाही. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसविण्यात आला आणि त्यातून रस्ते व शाळा यांचा खर्च चालविला जाऊ लागला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. रस्ते स्थानिक उत्पन्नातून व्हावेत, हा विचार बैलगाडीच्या युगाला साजेसा होता. गाडीवान ज्या तालुक्यातला, रस्ताही बहुधा त्याच तालुक्यातला असे.

मोटार आली आणि हे गणित मोडले. परगावच्या मोटारींनी व मालवाहू गाड्यांनी रस्ता झिजू लागला. दुरुस्तीचा भार मात्र ज्या भागातून रस्ता जातो तेथील शेतकऱ्याच्या उपकरावर राहिला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक आवाक्यापलीकडे गेला असून तो राष्ट्रीय हिताचा विषय झाला आहे, असा अभिप्राय समितीने १९२८ च्या अहवालात दिला. पेट्रोलवरील वाढीव करातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, ही तिची शिफारस १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधीच्या रूपाने अमलात आली. जो रस्ता वापरतो त्याने त्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यामुळे भारतीय वित्तव्यवस्थेत रुजले. या निधीला २००० मध्ये स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला.

वरिष्ठ शासनाचा निर्णय आणि स्थानिक संस्थेची अंमलबजावणी यांतील अंतराचे एक ऐतिहासिक उदाहरण महाड शहरानेच पुरविले आहे. सार्वजनिक पैशातून उभारलेले पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. प्रत्यक्षात चवदार तळे खुले झाले नाही आणि त्यातूनच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह घडला. नगरपालिकेने पुढे आपला ठराव मागे घेतला व न्यायालयीन निर्णय १९३७ मध्ये अंतिमतः अस्पृश्यांच्या बाजूने लागला. या घटनेचे सामाजिक महत्त्व रस्त्यांच्या प्रश्नाहून फार मोठे आहे आणि दोहोंची बरोबरी करता येणार नाही. तथापि प्रशासनाच्या अभ्यासकाला तीत एक बोध आढळतो. सार्वजनिक मालमत्तेविषयीचा निर्णय एका पातळीवर होतो, ताबा दुसऱ्या पातळीवर असतो, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत नागरिकाचा हक्क अडकून पडतो.

एकाच प्रवासात अनेक यंत्रणा

सव हे सावित्रीच्या काठचे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी परिचित असलेले महाड तालुक्यातील गाव. अशा एखाद्या गावातून मुंबईस निघालेल्या प्रवाशाचा मार्ग पाहिला तर वर्गवारीचा अर्थ चटकन ध्यानात येतो. घरासमोरील पाखाडी वा गल्ली ग्रामपंचायतीची असते. गावाला जोडणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा असतो. तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून (२०००) किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून (२०१५) झाला असेल तर ठरावीक मुदतीपर्यंत देखभाल ठेकेदाराकडे असते. पुढील मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, शहरातील रस्ता महाड नगरपरिषदेचा आणि औद्योगिक वसाहतीतील रस्ता महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा. शेवटी राष्ट्रीय महामार्ग लागतो. त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता; २०१० च्या फेररचनेत तो ६६ झाला. या महामार्गाच्या चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूरपासून दक्षिणेचा टप्पा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे देण्यात आला. म्हणजे महामार्ग एक, मालक एक, पण कार्यान्वयन यंत्रणा दोन. महाड व पोलादपूर दुसऱ्या टप्प्यात येतात.

प्रवाशाच्या दृष्टीने हा सलग एकच प्रवास असतो. शासनाच्या दृष्टीने तो अनेक मालमत्तांचा, अनेक लेखाशीर्षांचा आणि अनेक कार्यालयांचा समूह असतो. या कार्यालयांची निधीची साधनेही समान नाहीत. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न मर्यादित आहे. तिच्या रस्त्यांचा खर्च मुख्यतः जिल्हा नियोजन समितीमार्फत ३०५४ व ५०५४ या लेखाशीर्षांखाली मिळणाऱ्या अनुदानावर चालतो. कोकणातील अतिवृष्टीत डांबरी पृष्ठभाग लवकर उखडतो, डोंगरउतारावरील रस्त्यांना गटारे व संरक्षक भिंती अधिक लागतात आणि वाड्या विखुरलेल्या असल्याने दर माणशी रस्त्याची लांबी जास्त पडते. त्यामुळे लोकसंख्या किंवा केवळ लांबी पाहून वाटलेला निधी अशा तालुक्यांना पुरत नाही.

सावित्री पुलाची दुर्घटना : विभागलेल्या जबाबदारीचा धडा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुसळधार पावसात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला. दोन एस.टी. बस व अन्य वाहन प्रवाशांसह पुरात वाहून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती, असे शासनाच्या वतीने विधिमंडळात सांगण्यात आले. पुढे न्यायिक चौकशी नेमली गेली. नवा पूल विक्रमी वेगाने बांधून ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला करण्यात आला.

या दुर्घटनेत जबाबदारीचे किती धागे गुंतले होते हे पाहणे उद्बोधक आहे. महामार्ग केंद्राच्या मालकीचा होता. देखभाल व पाहणी राज्याच्या यंत्रणेकडे होती. नदीपात्र आणि त्यातील वाळू यांचे नियमन महसूल विभागाच्या अखत्यारीत येते. पुराचा इशारा, वाहतूक थांबविणे व शोधकार्य यांचे समन्वयन आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरणाकडे असते. नदीचे पाणी किती चढले हे सर्वांत आधी ज्यांना दिसते त्या काठावरील ग्रामपंचायती मात्र या साखळीत औपचारिकपणे कोठेच नव्हत्या. पुलाच्या तळाशी पाणी आदळत असताना पूल बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, याचे तत्काळ अमलात येणारे उत्तर व्यवस्थेपाशी नसावे, ही गोष्ट अभियांत्रिकी दोषाइतकीच गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नव्या पुलासाठी निधी, यंत्रणा आणि वेग ही तिन्ही एका वर्षाच्या आत उपलब्ध झाली. नव्या बांधकामाला एकच कार्यक्रम, एकच मुदत व एकच जबाबदार अधिकारी असतो. नियमित देखभालीला यांपैकी काहीच नसते. देखभालीचे यश म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीचे उद्घाटन होत नाही. बहुस्तरीय व्यवस्थेत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते यामुळे देखभालीकडेच.

घाट, दरडी आणि सीमा

या परिसरातून देशावर जाणारे दोन प्रमुख घाट आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट रायगड व सातारा या जिल्ह्यांना जोडतो. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट रायगड व पुणे या जिल्ह्यांना जोडतो. घाटाचा खालचा भाग एका विभागीय कार्यालयाकडे, वरचा दुसऱ्याकडे. वाहतूक बंद करण्याचे आदेश दोन जिल्हाधिकाऱ्यांचे. एका बाजूने रस्ता बंद असल्याचा फलक असावा आणि दुसऱ्या बाजूने वाहने उतरू द्यावीत, अशी शक्यता या रचनेत अंगभूत आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. कठडे, दिशादर्शक फलक व बचावपथकाची उपलब्धता या वरवर किरकोळ वाटणाऱ्या बाबी घाटरस्त्यावर जीवनमरणाच्या ठरतात.

२२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीने या व्यवस्थेची अधिक कठोर परीक्षा घेतली. महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पाणी आणि दरडी यांमुळे रस्ते बंद झाल्याने मदत पोहोचण्यास विलंब झाला. अशा वेळी राष्ट्रीय महामार्ग सुरू असला तरी त्यापासून वाडीपर्यंतचे अखेरचे काही किलोमीटर बंद असतील, तर महामार्गाचा उपयोग होत नाही. वर्गवारीत सर्वांत खालच्या पायरीवर असलेला, सर्वांत कमी निधी मिळणारा ग्रामीण रस्ता आपत्तीत प्रमुख रस्ता ठरतो. वाहनांची दैनंदिन संख्या हाच महत्त्वाचा निकष मानणाऱ्या वर्गवारीत या गोष्टीला स्थान नाही.

दर्जोन्नती आणि हस्तांतरण

रस्त्याचा वर्ग कायमचा नसतो. इतर जिल्हा मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग होतो, प्रमुख जिल्हा मार्ग राज्यमार्ग होतो आणि राज्यमार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित होतो. या प्रक्रियेस प्रशासकीय भाषेत दर्जोन्नती म्हणतात. दर्जोन्नतीमुळे अधिक निधीची वाट खुली होते म्हणून तिची मागणी सतत होत असते. परंतु रस्ता वर गेला की त्यावरील स्थानिक नियंत्रणही जाते. नळपाणी योजनेची वाहिनी रस्त्याखालून न्यावयाची, गावाजवळ गतिरोधक हवा, पावसाळी पाण्यासाठी मोरी रुंद करावयाची, अशा प्रत्येक कामासाठी ग्रामपंचायतीला दूरच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीवरील अतिक्रमणांसाठी २००२ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. रस्त्यालगतची बांधकामे मात्र स्थानिक संस्थांच्या डोळ्यांसमोर वाढत असतात.

उलट दिशेचा प्रवासही होतो. वळणमार्ग किंवा बोगदा झाला की जुना मार्ग खालच्या यंत्रणेकडे सोपविण्याची वेळ येते. पोलादपूर व खेड या तालुक्यांच्या दरम्यान कशेडी घाटाला पर्याय म्हणून बोगदा खोदण्यात आला व सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची एक बाजू वाहतुकीस खुली झाली. अशा प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो. दूरची वाहतूक नव्या मार्गाने गेली तरी जुन्या घाटालगतच्या गावांना जुनाच रस्ता लागतो. वळणे, दरडी आणि संरक्षक भिंती यांसह तो स्थानिक यंत्रणेकडे आला आणि त्याबरोबर निधी आला नाही, तर जबाबदारीऐवजी केवळ ओझे हस्तांतरित होते. म्हणूनच वगळलेला महामार्ग सोपविण्यापूर्वी त्याची एकवेळची संपूर्ण सुधारणा करून देण्याचा प्रघात आहे.

रस्त्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी वर्ग बदलल्यास काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. महामार्गालगत ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निर्णय १ एप्रिल २०१७ पासून लागू होताच अनेक राज्यांत शहरांतून जाणारे महामार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्याची घाई झाली. जळगावसारख्या शहरांत नागरिकांनी या हस्तांतरणास विरोध केला. मद्यविक्रीइतकाच त्यांचा आक्षेप या बाबीवर होता की महानगरपालिकेला एवढ्या रस्त्यांची देखभाल झेपणार नाही. कागदावरील वर्ग आणि प्रत्यक्ष क्षमता यांतील तफावत त्यातून उघड झाली.

परदेशातील दोन पद्धती

इतर देशांतील व्यवस्था जशाच्या तशा उचलता येत नाहीत. तरी त्यांतील नियमांची स्पष्टता लक्षणीय आहे. लंडनमध्ये २००० साली महापौरांच्या अधिपत्याखाली वाहतूक प्राधिकरण स्थापन झाले. शहरातील एकूण रस्त्यांपैकी केवळ सुमारे ५ टक्के लांबीचे प्रमुख रस्ते त्याच्याकडे देण्यात आले. या अल्प लांबीवरून शहराची जवळपास ३० टक्के वाहतूक होते. उरलेले बहुतेक सर्व रस्ते ३२ बरो परिषदा व लंडन सिटी यांच्याकडे राहिले. याशिवाय २००४ च्या कायद्याने एक मधला वर्ग प्रस्थापित केला. या वर्गातील रस्ते बरोंच्याच मालकीचे असतात, परंतु त्यांवरील वाहतुकीस बाधा आणणारे काम करण्यापूर्वी प्राधिकरणाची संमती लागते. मालकी स्थानिक, समन्वयाचा अधिकार प्रादेशिक, अशी ही तडजोड आहे.

जर्मनीत शहरातून जाणाऱ्या संघीय महामार्गाविषयी कायद्यातच लोकसंख्येचा निकष आहे. ८० हजारांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात त्या टप्प्याची जबाबदारी शहराची असते. लहान गावात रस्ता संघराज्याचा असतो, परंतु त्यालगतचा पादचारी मार्ग गावाचा असतो. संस्थेची क्षमता पाहून जबाबदारी ठरवावी आणि एकाच रस्त्याच्या आडव्या छेदातही ती विभागता येते, हे दोन मुद्दे या पद्धतीतून पुढे येतात.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

रस्त्यांच्या दुरवस्थेविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सुस्थितीतील रस्ता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने २०१५ मध्ये घेतली. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश देण्यात आले. दरम्यान २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कलम १९८-अ अन्वये रस्त्याची रचना, बांधकाम व देखभाल यांतील मानके न पाळणाऱ्या प्राधिकरणास, ठेकेदारास वा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. या साऱ्या उपायांचा परिणाम एकाच पूर्वअटीवर अवलंबून आहे. तो विशिष्ट रस्ता त्या विशिष्ट दिवशी कोणाच्या जबाबदारीत होता, हे निर्विवाद असले पाहिजे. जबाबदार संस्था शोधण्यातच वर्ष गेले तर हक्क कागदावर राहतो.

स्थानिक पातळीवरील उत्तरदायित्वाला आणखी एक मर्यादा पडली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर रायगडसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि निवडणुका दीर्घकाळ झाल्या नाहीत. गटातील रस्त्याबद्दल ज्याला जाब विचारावयाचा तो लोकनियुक्त सदस्यच त्या काळात नव्हता. स्थानिक संस्थेकडे रस्ते ठेवण्याचे मुख्य समर्थन लोकांशी असलेल्या जवळिकीचे आहे. प्रतिनिधींवाचून ते समर्थन लंगडे पडते.

विभागणीची तत्त्वे

वरील विवेचनावरून असे दिसते की ‘रस्ता कोणाचा’ या एका प्रश्नात वस्तुतः चार प्रश्न दडलेले आहेत : मालकी कोणाची, पैसा कोणाचा, काम कोणाचे आणि उत्तर कोणी द्यावयाचे. प्रचलित वर्गवारी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि उरलेल्या तिहींची उत्तरे त्यातूनच निघतील असे गृहीत धरते. तसे होत नाही. या संदर्भात पुढील तत्त्वे विचारार्ह वाटतात.

पहिले, प्रत्येक रस्ता दोन कामे करतो. दूरची वाहतूक वाहून नेणे हे एक आणि लगतच्या घरांना, शेतांना व बाजाराला पोच देणे हे दुसरे. पहिल्या कामाचा लाभ बाहेरच्यांना मिळतो म्हणून त्याचा खर्च वरिष्ठ शासनाने उचलावा. दुसऱ्याचा लाभ स्थानिकांना मिळतो म्हणून त्यावर स्थानिक संस्थेचे नियंत्रण असावे. प्रमुख रस्त्यावर ही दोन्ही कामे एकत्र येतात, त्यामुळे तेथे एकाच संस्थेची संपूर्ण सत्ता युक्त ठरत नाही.

दुसरे, कामे, निधी आणि कर्मचारी या तिहींचे हस्तांतरण एकत्र व्हावे. अभियंता नसलेल्या संस्थेकडे पूल देणे हे विकेंद्रीकरण नव्हे.

तिसरे, नवीन बांधकाम व देखभाल यांचे निधी वेगळे असावेत आणि देखभालीचा निधी पाऊसमान, उतार व दरडप्रवणता पाहून ठरावा. सपाटीवरील व सह्याद्रीच्या कुशीतील किलोमीटर सारखे नसतात.

चौथे, आपत्तीकाळात रस्ता वा पूल बंद करण्याचा प्राथमिक अधिकार घटनास्थळाजवळच्या नेमून दिलेल्या व्यक्तीस असावा आणि वरिष्ठांची संमती नंतर घेता यावी. पाण्याची पातळी ठरावीक खुणेवर पोहोचताच पूल बंद, असा नियम असल्यास आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. खुणेवर लक्ष ठेवण्याचे काम काठावरील ग्रामपंचायत उत्तम रीतीने करू शकते.

पाचवे, प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना त्याचा क्रमांक, वर्ग, जबाबदार कार्यालय व दूरध्वनी यांचा फलक असावा. ठेकेदाराच्या दोष-दायित्वाची मुदतही त्यावर नोंदवावी. खर्चाच्या मानाने या उपायाचा लाभ फार मोठा आहे.

समारोप

रस्त्यांची जबाबदारी एकाच शासनाकडे केंद्रित करणे हा उपाय नाही. जयकर समितीने स्थानिक संस्थांची आर्थिक असमर्थता दाखविली, ती आजही बऱ्याच अंशी खरी आहे. तसेच दूरच्या कार्यालयाला सावित्रीची चढती पातळी दिसत नाही, हेही खरे आहे. प्रमुख रस्ते अपरिहार्यपणे सामायिक जबाबदारीचे विषय आहेत. सामायिक जबाबदारी म्हणजे अस्पष्ट जबाबदारी असा अर्थ मात्र होऊ नये. कोणी काय करावयाचे याची वाटणी आधीच लेखी झालेली असेल, तर पाच संस्था मिळून एक रस्ता चांगला सांभाळू शकतात. ती वाटणी झालेली नसेल, तर पाच संस्था असूनही रस्ता बेवारस राहतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यांनी या अस्पष्टतेची किंमत एकाहून अधिक पावसाळ्यांत मोजली आहे. पुढील पावसाळ्यापूर्वी या दोन तालुक्यांतील प्रत्येक पूल, घाट व वाडीरस्ता यांच्यासमोर एका जबाबदार कार्यालयाचे नाव लिहिणे, हे त्या दिशेने टाकता येण्याजोगे पहिले पाऊल आहे. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.